शिकागोत डीप डिश पिझ्झा: कुठे, किती आणि कसा मागवायचा?

मोरावळा

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये शिकागोत दोन दिवस मुक्काम आहे. हॉटेल नदीच्या उत्तरेला, मर्चंडाइज मार्टजवळ. आम्ही सहा जण: चार मोठे, आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुलं. मोठ्यांपैकी आई आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी, आम्ही दोघं सगळं खातो. मुलांना फक्त चीज हवं असतं.

एक जेवण डीप डिशचं ठरलंय. पण उनो, लू माल्नाटी, जिनोज ईस्ट, जॉर्डानोज, पीक्वॉड्स अशी नावं वाचून गोंधळ वाढलाय. यांच्यात खरा फरक काय? सहा जणांना किती मागवायचं? शाकाहारींसाठी काय विचारून घ्यायचं? आणि पाऊण तास थांबावं लागतं म्हणतात ते खरं का? दोन्ही आज्यांना उपाशीपोटी फार वेळ बसवत नाही.

---

लेकशोअर

आधी एक गोष्ट पक्की करा: या पाच ठिकाणी तीन वेगवेगळे पदार्थ मिळतात. नाव कुठलं ते नंतर बघू, आधी पदार्थ निवडा.

पहिला म्हणजे मूळ डीप डिश. याची सुरुवात १९४३ साली ओहायो स्ट्रीट आणि वॉबॅशच्या कोपऱ्यावर झाली. आइक सूएल आणि रिक रिकार्डो यांनी काढलेली ती जागा म्हणजे आजची पिझ्झेरिया उनो. पहिला पिझ्झा नेमका कुणाच्या हातचा यावर शिकागोत आजही वाद आहे. १९५५ मध्ये त्यांनी एक चौक सोडून पिझ्झेरिया ड्यू काढली. उनोत काम करणाऱ्या रूडी माल्नाटींचा मुलगा लू याने १९७१ मध्ये लिंकनवुड या उपनगरात स्वतःचं दुकान काढलं, तेच लू माल्नाटी. जिनोज ईस्ट १९६६ चं, आणि तिथला पिझ्झा बसवणाऱ्या अ‍ॅलिस मे रेडमंडही आधी उनोच्याच स्वयंपाकघरात होत्या. म्हणजे ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. खोल ताटलीत पीठ कडेपर्यंत चढवायचं, त्यावर चीज, चीजवर टॉपिंग, आणि सगळ्यात वर टोमॅटो.

दुसरा म्हणजे स्टफ्ड पिझ्झा. जॉर्डानोज १९७४ चं, नॅन्सीज हे असंच दुसरं दुकान त्याच सुमाराचं. यात चीज आणि टॉपिंगवर पिठाचा दुसरा पातळ थर येतो, कडा मुडपून बंद करतात आणि सॉस त्याच्या वर ओततात. उंची जास्त, आत चीज भरपूर. फोटोत चीजची लांबलचक तार दिसते ना, तो बहुतेक वेळा हाच पिझ्झा असतो. लोक यालाही डीप डिशच म्हणतात, पण तो अंगावर येतो. दोन्ही आज्यांना एक तुकडासुद्धा जड जाईल.

तिसरा पीक्वॉड्सचा. पीठ जाड आणि ब्रेडसारखं मऊ. कडेला ताटलीच्या पत्र्याला टेकवून चीज लावतात आणि ते तिथेच भाजून काळपट, कुरकुरीत होतं. ज्यांना कड आवडते त्यांनी डोळे झाकून इथे जावं. जागा क्लायबर्न अ‍ॅव्हेन्यूवर आहे, आर्मिटेज किंवा फुलर्टन स्थानकापासून पंधरा-वीस मिनिटं चालत. आज्या बरोबर असतील तर सरळ टॅक्सी करा.

तुमच्या मंडळींसाठी माझं मत स्पष्ट आहे: वेल्स स्ट्रीटवरचं लू माल्नाटी. मर्चंडाइज मार्टपासून पाच मिनिटांच्या आत. बेस या सगळ्यांत पातळ आणि खुसखुशीत, सॉस सर्वांत ताजा लागतो, आणि जेवून उठताना चालता येतं.

---

तिखटमीठ

लेकशोअर यांच्याशी सहमत, पण उनोला एवढ्यात बाजूला टाकू नका. इमारत जुनी, खोल्या लहान, आणि जिथे सुरुवात झाली तिथे बसून खाण्यात अर्थ आहे. रेड लाइन या मेट्रोच्या ग्रँड स्थानकापासून तीन-चार मिनिटं. मात्र अमेरिकाभर उनो नावाच्या ज्या शाखा आहेत त्यांवरून या जागेची परीक्षा करू नका. मुलांना भिंतींवर लिहायला आवडत असेल तर सुपीरियर स्ट्रीटवरचं जिनोज ईस्ट बघा. तिथे भिंतीभर लोकांनी नावं लिहून ठेवलेली असतात.

आता प्रमाण. लू माल्नाटीत सहा इंची एकाला, नऊ इंची दोघांना, बारा इंची तिघांना, चौदा इंची चौघांना असा हिशेब असतो आणि तो प्रामाणिक आहे. नेहमीच्या पातळ पिझ्झाच्या अंदाजाने मागवलंत तर निम्मा उरेल. मोठ्या माणसाचं दोन तुकड्यांत पोट भरतं, मुलाचं एकात.

तुमचे चार मोठे अधिक दोन मुलं म्हणजे पाच पानं धरा. एक बारा इंची शाकाहारी, दोन्ही आज्या आणि मुलांसाठी. एक नऊ इंची सॉसेजचा तुम्हा दोघांना. झाली पाच पानं. सहा जण आहोत म्हणून दोन्ही मोठे मागवायचा मोह आवरा.

आकार निवडताना क्षेत्रफळ लक्षात घ्या. नऊ इंचीचं सुमारे ६४ चौरस इंच, बारा इंचीचं ११३, चौदा इंचीचं १५४. म्हणजे दोन नऊ इंची मिळूनही एका चौदा इंचीएवढे होत नाहीत. सगळे एकच खाणार असतील तर एक मोठा परवडतो. पण तुमच्यासारखं शाकाहारी-मांसाहारी मिश्रण असेल तर दोन वेगळ्या ताटल्याच घ्या.

सुरुवातीला ब्रेडचा कुठलाही प्रकार मागवू नका. पाऊण तास थांबायचं म्हणून लोक गार्लिक ब्रेड मागवतात आणि पिझ्झा येईपर्यंत पोट भरलेलं असतं. सहांत एक मोठं सॅलड पुरे.

---

शेपूची जुडी

शाकाहाराबद्दल सविस्तर लिहिते, कारण डीप डिशमध्ये एक अडचण अशी आहे जी साध्या पिझ्झात येत नाही: टॉपिंग दिसत नाही. वर सगळा टोमॅटो असतो आणि सॉसेज त्याखाली लपलेलं असतं. शिकागोतल्या जुन्या घरांत सॉसेजचे तुकडे टाकत नाहीत. बडीशेप घातलेल्या डुकराच्या खिम्याचा एक अखंड पातळ थर चीजवर कडेपासून कडेपर्यंत थापतात. दोन ताटल्या शेजारी ठेवल्या तर वरून सारख्याच दिसतात. त्यामुळे वाढणाऱ्या व्यक्तीला पहिला तुकडा काढतानाच विचारा, 'यातला शाकाहारी कुठला?' आणि प्रत्येक ताटलीचा वाढायचा उलथना वेगळा ठेवायला सांगा. तेवढं ते आनंदाने करतात.

अर्धा-अर्धा मिळतो, पण शाकाहारींसाठी घेऊ नका. सॉसेजची चरबी वितळून मधली रेघ ओलांडते, आणि कापताना सुरी दोन्हीकडे फिरते.

लू माल्नाटीच्या मेनूकार्डावर 'माल्नाटी शिकागो क्लासिक' दिसेल. हा त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध पिझ्झा, आणि त्यात सॉसेज आहे. नावावरून कळत नाही. 'द लू' हा त्यांचा शाकाहारी पिझ्झा: पालक, मशरूम, वर टोमॅटोच्या चकत्या, आणि मोझरेलाबरोबर रोमानो व चेडर. 'क्रस्टलेस' म्हणजे पीठ नसलेला हलका पिझ्झा असं समजून मागवू नका. त्याचा तळच सॉसेजचा असतो. त्यांच्या घरच्या सॅलडमध्येही सलामी असते, ती वगळायला सांगा.

आता चीज. मोझरेला बहुधा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं (दुधाचं चीज धरायला लावणारं द्रव्य) असतं, पण रोमानो-पार्मेजानसारख्या कडक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट वापरायची जुनी रीत आहे. आज्या ते पाळत असतील तर वरून भुरभुरवलेलं कडक चीज वगळायला सांगा आणि कुठलं रेनेट हे विचारा. वाढणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो आत जाऊन डब्यावरचं वाचून येतो. लसूण वर्ज्य असेल तर सॉसबद्दलही आधीच विचारा, कारण तो ताटलीत ओतल्यावर काही करता येत नाही.

---

मोरावळा

किती उपयोगी माहिती! दोन गोष्टी अजून. पाऊण तास नक्की कशात जातो, आणि तो वाचवता येतो का? आणि आज्यांना भाज्या भरपूर लागतात, तर पालक, मशरूम, ढोबळी, कांदा, सगळं घालून मागवलं तर चालेल ना?

---

लोखंडी तवा

नाही चालणार. का ते सांगतो, म्हणजे दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकदम मिळेल.

ताटली सुमारे दोन इंच खोल, काळ्या पडलेल्या जाड पत्र्याची. तिला तेल किंवा लोणी लावून पीठ बोटांनी दाबत कडेवर चढवतात. त्यावर मोझरेलाच्या चकत्या अगदी एकमेकींवर चढवून मांडतात, फट ठेवत नाहीत. हा चीजचा थर दोन कामं करतो. एक, टोमॅटोचं पाणी पिठापर्यंत जाऊ देत नाही. दुसरं, स्वतः टोमॅटोखाली झाकलेला असल्यामुळे एवढा वेळ भट्टीत राहूनही करपत नाही. चीज वर असतं तर वीस मिनिटांत काळं झालं असतं. म्हणून इथे क्रम उलटा आहे.

भट्टी साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला. उष्णता खालून पत्र्यातून पिठात, पिठातून चीजमध्ये आणि मग ओल्या टोमॅटोत चढते. वरचं पाणी उडाल्याशिवाय मधला भाग शिजत नाही. त्याला तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतातच. भट्टी तापवून हे काम उरकत नाही: कड जळते आणि मध्ये पीठ कच्चं राहतं.

आता भाज्या. कच्चं मशरूम, पालक, टोमॅटोच्या चकत्या हे तिन्ही भट्टीत पाणी सोडतात आणि त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, कारण चारी बाजूंनी पिठाची भिंत आहे. चार-पाच भाज्या घातल्या की पहिला तुकडा उचलल्यावर खड्ड्यात पाणी साचलेलं दिसतं आणि मधला बेस गिळगिळीत होतो. लोक दुकानाला नावं ठेवतात, पण ती मागवण्यातली चूक असते. दोन भाज्यांवर थांबा. कांदा आणि ढोबळी ही सुरक्षित जोडी. मशरूम हवंच असेल तर त्याच्याबरोबर पालक नको. 'द लू' मागवलात तर वर आणखी काही चढवू नका. जास्त भाजून हवा असेल तर 'वेल डन' सांगा, पाचेक मिनिटं जास्त लागतात आणि तळ छान खमंग होतो. लू माल्नाटीत पिठात लोणी जास्त घातलेला 'बटरक्रस्ट' वेगळे पैसे देऊन मिळतो. खुसखुशीतपणासाठी तो घ्यावा, सगळा फरक त्यातच आहे.

वेळ वाचवायचा एकच खरा मार्ग: टेबलाची वाट बघत असताना पिझ्झा भट्टीत गेला पाहिजे. दाराशी नाव नोंदवतानाच 'पिझ्झाची ऑर्डर आत्ताच देऊ का?' असं विचारा. या दुकानांत ही नेहमीची पद्धत आहे. मेनू हॉटेलवरच फोनवर बघून ठरवून जा. अर्धा तास टेबलासाठी थांबलात तर बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ताटली समोर येते. दुपारी साडेअकराच्या सुमाराला किंवा तीन-चार वाजता गेलात तर रांगही नसते. शुक्रवार-शनिवारी रात्री सात वाजता आज्यांना घेऊन जाऊच नका.

---

तिखटमीठ

लोखंडी तवा यांच्या मुद्द्याला जोडून खाण्याबद्दल. ताटली टेबलावर आली की लगेच तुटून पडू नका. वाढणारे पहिला तुकडा लगेच काढून देतात, तो पानात चार-पाच मिनिटं राहू द्या. वितळलेलं चीज तेवढ्यात जरा धरतं, नाहीतर टॉपिंगसकट सगळं घसरून पानात पसरतं. आणि वरचा टोमॅटो चीजपेक्षा जास्त चटका देतो. मुलांना त्यांचा तुकडा कापूनच द्या. खायचं सुरी-काट्याने, टोकाकडून कडेकडे. इथे सगळे तसंच खातात.

तिखट हवं असेल तर लाल मिरचीचा चुरा टेबलावर असतो, पण त्याऐवजी 'हॉट जार्डिनिएरा' आहे का विचारा. सेलेरी, गाजर, फ्लॉवर आणि हिरव्या मिरच्या तेलात मुरवलेलं हे शिकागोचं लोणचं. वाटीत वेगळं मागवा, आत घालून नको, कारण त्याचं तेल पिझ्झात उतरतं. चीजच्या जडपणावर त्याच्याइतका उतारा दुसरा नाही, आज्यांना नक्की आवडेल.

बिलाचं: जेवणावर मध्यवर्ती भागात जवळपास बारा टक्के कर धरा, वर अठरा ते वीस टक्के टिप. सहा किंवा जास्त माणसं असली की बऱ्याच रेस्टॉरंटमध्ये टिप बिलातच लावलेली असते. सही करण्यापूर्वी ती ओळ वाचा, नाहीतर दुप्पट टिप जाते.

---

दगडू पाटा

थोडं वेगळं मत. दोन दिवस आहेत तर एक संध्याकाळ 'टॅव्हर्न स्टाइल' साठी ठेवा. पापडासारखा पातळ, कडेपर्यंत टॉपिंग, आणि त्रिकोणी न कापता चौकोनी तुकडे. शिकागोतली माणसं आठवड्याच्या मधल्या दिवशी घरी हाच मागवतात, डीप डिश पाहुणे आले की. लू माल्नाटीतही पातळ मिळतो. आज्यांना एकाच वेळी डीप डिशचा एक आणि पातळचे दोन चौकोन असं दिलंत तर त्यांना दोन्ही कळेल आणि पोटही बिघडणार नाही.

---

ओटीजी पुणे

अवांतर विचारतो, राग नसावा. पुण्यात हा घरी करता येईल का? नऊ इंची केकचं भांडं आणि साधा ओटीजी आहे. आंतरजालावरच्या पाककृतींत मक्याचं पीठ घालतात, ते हवंच का?

---

लोखंडी तवा

करता येतो. मक्याच्या पिठाची गरज नाही. खुसखुशीतपणा येतो तो तेलामुळे आणि कमी मळल्यामुळे.

नऊ इंची, दोन इंच खोल भांड्यासाठी: मैदा २२० ग्रॅम, कोमट पाणी ११५ मिली, तेल ४० मिली, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम, साखर चिमूटभर. तेल मैद्याला आधी चोळून घ्या, मग पाणी. फक्त एक-दोन मिनिटं, गोळा होईपर्यंतच मळा. पोळीच्या कणकेसारखं तिंबलंत तर ब्रेड होईल. झाकून दीड ते दोन तास.

टोमॅटो हा इथला खरा प्रश्न. आपले टोमॅटो पाणीदार आणि आंबट. पाऊण किलो घ्या, उकळत्या पाण्यातून काढून सालं आणि बिया काढा, हाताने कुस्करा आणि चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. २५० ग्रॅमच्या आसपास गर उरला पाहिजे. मीठ, ओरेगॅनो, किंचित साखर. शिजवायचा नाही, तो भट्टीत शिजतो. डब्यातले सोललेले टोमॅटो मिळाले तर तेही निथळूनच घ्या.

चीज २२५ ग्रॅम, ठोकळ्याचं मोझरेला, किसू नका, पातळ चकत्या करा. पाण्यात बुडवलेले मऊ गोळे घेऊ नका, ते पाणी सोडतात. भांड्याला तेल नीट लावा, पीठ दाबून सव्वा इंचापर्यंत कडेवर चढवा. ते परत खाली सरकत असेल तर दहा मिनिटं तसंच सोडा, मग ऐकतं. कड पत्र्यालगत चिमटीत पातळ करा, तिथे जाड राहिली तर कच्ची लागते.

ओटीजी २२० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. भांडं सगळ्यात खालच्या खाचेत. पहिली पंधरा मिनिटं फक्त खालची कॉइल, मग दोन्ही, एकूण तीस ते पस्तीस मिनिटं. कड लवकर लाल झाली तर फॉइलची पट्टी लावा. काढल्यावर दहा मिनिटं भांड्यातच. केकच्या भांड्याचा तळ सुटा असेल तर खाली ताट ठेवा, तेल गळतं.

---

मोरावळा

ठरलं: वेल्स स्ट्रीट, दुपारी साडेअकरा, बारा इंची कांदा-ढोबळीचा आणि नऊ इंची क्लासिक, जार्डिनिएरा वाटीत. उरलेल्याचं काय करायचं? आणि भावासाठी न्यू जर्सीला एक नेता येईल का?

---

लेकशोअर

उरलेला मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, बेस चामड्यासारखा होतो. हॉटेलवर दुसरं काही नसेल तर गारच खा, तो गारही चांगला लागतो. ओव्हन असेल तर १७५ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, फॉइल सैल झाकून, शेवटची पाच मिनिटं उघडा. गॅस असेल तर जाड बुडाच्या पॅनमध्ये मंद आचेवर झाकून आठ-दहा मिनिटं. पॅनमध्ये तेल नको, तळाला आधीच पुरेसं आहे. रेस्टॉरंटमधून निघाल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, चीज-सॉसेजला बाहेर ठेवून चालत नाही. त्या दुपारी तुम्ही पुढे फिरणार असाल तर आधी हॉटेलवर ठेवून या.

न्यू जर्सीला न्यायला गोठवलेलाच घ्या, दुकानांत मिळतो. देशांतर्गत विमानात केबिन बॅगेत चालतो. बर्फाच्या पिशव्या तपासणीच्या वेळी पूर्ण गोठलेल्या हव्यात, अर्धवट वितळलेल्या असल्या तर काढून टाकायला लावतात. ड्राय आइस वापरणार असाल तर माणशी अडीच किलोची मर्यादा आहे, विमान कंपनीची परवानगी लागते आणि डबा हवाबंद चालत नाही, वायू बाहेर पडायला जागा लागते. बॅगेत नेण्याचा त्रास नको असेल तर लू माल्नाटी स्वतः गोठवलेले पिझ्झे अमेरिकाभर घरपोच पाठवतात. भावाकडे किती माणसं आहेत त्यावर ठरवा. एक-दोनच हवे असतील तर पाठवण्याच्या खर्चापेक्षा बॅग बरी पडेल.